ससा, मांजर आणि मोबाईलवरची चित्रे

विट्यात यंत्रमागाच्या आधाराने राहणाऱ्या घरांत हल्ली दोन नव्या गोष्टी दिसतात. कोपऱ्यात खोक्यात ठेवलेला पांढरा ससा नाहीतर पिंजऱ्यातले लव्हबर्ड, ही एक. दुसरी म्हणजे, वडील रात्रपाळीहून येऊन झोपले की त्यांच्या मोबाईलवर बोटाने चित्र काढत बसलेले पोर. मांजर पूर्वीपासूनच आहे. तिला कोणी पाळत नाही, ती आपणहून राहते. या दोन्ही गोष्टींवरून घरोघर कुरबूर चालते. "आपल्यालाच पुरेना, त्यात हे कशाला?" आणि "फोन ठेव, डोळे जातील." आयाबायांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. तरी आज आम्हांला पोरांची बाजू मांडायची आहे.

आमच्या ओळखीच्या एका घरी आई कांड्या भरते, वडील माग चालवतात. मुलगी सातवीत आहे. बाजारातून आणलेल्या सशाचे चित्र ती रोज संध्याकाळी मोबाईलवर काढते. एक दिवस ती आईला म्हणाली, "मम्मी, याचं तोंड पहिल्यासारखं जमंना." आईने आधी लक्ष दिले नाही. मुलीने महिन्यापूर्वीचे चित्र काढून शेजारी धरले. सशाचे खालचे दात पुढे येऊन ओठाबाहेर दिसत होते. दोन दिवस तो गवत नुसते हुंगून सोडत होता आणि घरच्यांना वाटत होते, उन्हाने मलूल झालाय. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी दात कापले आणि विचारले, "खायला काय घालता?" उत्तर होते, बिस्कीट आणि भाकरी.

सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजायला गवत लागते, तेही दिवसभर. बिस्किटाने दात झिजत नाहीत आणि पोट बिघडते. ससा ओरडत नाही, त्याला ओकारीही येत नाही. त्याने एक दिवस खाणे सोडले की तो आजारी आहे असे धरून चालावे, उद्यावर टाकू नये. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांत त्याला ओले गोणपाट टाकून सावली करावी. त्याला अंघोळ मात्र घालू नये. नीट सांभाळला तर ससा आठ-दहा वर्षे जगतो. बाजारातून आणलेले कितीतरी ससे महिनाभरही टिकत नाहीत, याचे कारण आमच्या मते गरिबी नव्हे. गवत फुकट मिळते. त्याच्याकडे नीट कोणी बघत नाही, हे कारण आहे.

मागाच्या घरात मांजराचा धोका वेगळाच. खाली पडलेले सूत तिला खेळायला आवडते आणि कधीकधी ती ते गिळते. पोटात सूत अडकले की आतडे गोळा होते. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. आतले आतडे कापले जाते. तशीच डॉक्टरकडे न्या. मांजराने चावले किंवा ओरबाडले तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचे विचारा. हळद-चुना लावून वेळ घालवू नये. (पोपट पाळणाऱ्यांनो, देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. लव्हबर्ड परदेशी, म्हणून ते दुकानात उघड मिळतात.)

आता मोबाईलचे. मोबाईल बघणे निराळे आणि मोबाईलवर काही करणे निराळे. आयबिस पेंटसारखे ॲप फुकट मिळते. मधूनमधून जाहिराती येतात, पण एकदा घेतल्यावर नेट बंद ठेवूनही चित्र काढता येते. म्हणजे डेटाही वाचतो आणि जाहिरातीही कमी होतात. कागद, रंग, ब्रश संपण्याची भीती नाही. चुकले की मागे जाता येते. थर, म्हणजे लेअर, हा त्यातला मोठा उपयोग. खाली सशाचा फोटो ठेवायचा आणि वरच्या थरावर गिरवायचे, जसे आपण ट्रेसिंग पेपरवर गिरवत होतो. सुरुवातीला गिरवू द्या. पण महिनाभराने फोटो काढून टाकायला सांगा, जनावर समोर बसवून काढायला लावा. गिरवताना हात चालतो. डोळा चालतो तो बघून काढताना.

मागावरच्या माणसाला हे तंत्र परके वाटायचे कारण नाही. मोबाईलवरचे चित्र खूप मोठे केले तर नुसते रंगीत चौकोन दिसतात. साडीच्या काठाची नक्षीही चौकटीच्या कागदावर अशीच आखतात. एक चौकोन म्हणजे उभा धागा वर की आडवा वर, एवढेच. बापाने हे पोराला एकदा समजावून सांगावे. मोबाईलवरून भांडण होण्यापेक्षा बरे.

जनावर पाळणे म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असे म्हणणाऱ्यांसाठी एक छायाचित्र आहे. फेब्रुवारी १९३४, दादरचे राजगृह. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबी. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. कुटुंबाच्या त्या एका चित्रात कुत्र्यालाही जागा मिळाली.

एक गोष्ट राहिली. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षा कागद-पेन्सिलीवरच होतात. एलिमेंटरीत स्मरणचित्राचा पेपर असतो आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला वाढीव गुण मिळतात. ज्या पोराने रोज मांजर पाहून काढले, त्याला ते आठवून काढायला जड जाणार नाही. मात्र मोबाईलवर पुसायची सवय लागलेला हात कागदावर बिचकतो. म्हणून आठवड्यातले दोन दिवस तरी वहीच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिल चालवू द्या. परीक्षेचे फॉर्म शाळेतूनच भरले जातात. चित्रकलेच्या सरांना किंवा बाईंना विचारून या.