ओळखीचा धंदा, शेअरचा भाव आणि आपला अंगठा

महाडच्या आमच्या विहारात रविवारची वंदना झाली की पूर्वी चर्चा व्हायची ती नोकरभरतीची, एमआयडीसीतल्या कंत्राटी कामाची, नाहीतर २० मार्चच्या तयारीची. गेल्या काही वर्षांत त्यात शेअर बाजाराची भर पडली आहे. रासायनिक कारखान्यात बारा तासांची पाळी करणारा, पोलादपूरहून एसटीने कॉलेजला येणारी, मुंबईत डिलिव्हरीचे काम करून सणाला गावी आलेला, अशा अनेकांच्या मोबाईलमध्ये आता डिमॅट खाते आहे. कुणाचे पाच हजार, कुणाचे वीस हजार. या मंडळींत ज्या कंपनीवरून सर्वांत जास्त वाद झाला, ती म्हणजे प्रोटियन ई-गव्ह टेक्नॉलॉजीज.

नाव नवे वाटेल, पण पॅन कार्ड काढताना अर्जावर ‘एनएसडीएल’ हे नाव तुम्ही वाचले असेल. तीच ही कंपनी. १९९५ साली एनएसडीएल म्हणून तिची सुरुवात झाली. २०१२ मध्ये डिमॅटचे काम वेगळ्या कंपनीकडे गेले आणि हिच्याकडे ई-गव्हर्नन्सचे काम उरले. २०२१ मध्ये नाव बदलून प्रोटियन झाले. प्राप्तिकर खात्यासाठी पॅनचे अर्ज घ्यायचे आणि कार्ड पाठवायचे, एनपीएस आणि अटल पेन्शन योजनेच्या नोंदी सांभाळायच्या, आधारवरून ओळख पडताळून द्यायची, ऑनलाइन सहीची सोय करायची, अशी तिची कामे. थोडक्यात, माणूस कोण आहे हे यंत्राला पटवून देण्याचा हा धंदा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ७९२ रुपये भावाने तिचा शेअर सामान्य लोकांना मिळाला आणि तो बाजारात आला.

आमच्या पोरांत दोन तट पडले. एक तट म्हणे, “देश १४० कोटींचा. बँक, सिम कार्ड, पेन्शन, शिष्यवृत्ती, कशालाही ओळख लागतेच. ज्या कंपनीच्या हातात ओळख आहे तिला मरण नाही.” दुसरा तट म्हणे, “हा भांडवलदारांचा जुगार आहे. आंबेडकरी माणसाने तिकडे फिरकूच नये.” दोघेही हट्टाला पेटलेले. आमच्या मते दोघांचीही मांडणी अर्धी आहे.

पहिल्या तटाचे काय झाले ते आधी पाहू. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने १,४३५ कोटी रुपयांचा ‘पॅन २.०’ प्रकल्प मंजूर केला. पॅनची जुनी विखुरलेली व्यवस्था मोडून एकच नवी व्यवस्था उभी करायची, हा त्याचा हेतू. प्रोटियनच्या उत्पन्नाचा मोठा भाग पॅनच्या कामातून येणारा, त्यामुळे हे कामही तिलाच मिळणार असे आमच्या पहिल्या तटाने धरून चालले होते. मे २०२५ मध्ये कंपनीने शनिवार-रविवारच्या सुट्टीत शेअर बाजाराला कळवले की निविदेच्या पुढच्या फेरीत तिचा विचार झालेला नाही. सोमवारी, १९ मे रोजी, बाजार उघडला आणि शेअर एकाच दिवसात २० टक्के खाली आला. चौदाशेच्या घरातला भाव अकराशेच्या घरात. त्या दिवशी विकायला सगळे उभे, घ्यायला कुणी नाही. ज्याचे वीस हजार होते त्याचे चार हजार गेले. चार हजार म्हणजे एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराची आठ-दहा दिवसांची हजेरी.

मग ऑगस्ट २०२५ मध्ये बातमी आली की आधार प्राधिकरणाने याच कंपनीला १८८ जिल्ह्यांत आधार सेवा केंद्रे उभारण्याचे व चालवण्याचे सुमारे १,१६० कोटी रुपयांचे काम सहा वर्षांसाठी दिले. भाव पुन्हा उसळला. पहिला तट म्हणाला, “बघा, आम्ही सांगितलेच होते.” पण त्यांनी सांगितले होते ते हे नव्हतेच. त्यांनी सांगितले होते की ओळख कायम लागणार. ती लागणारच. पण ओळख लागणे वेगळे आणि ते काम कुणाला मिळणार हे वेगळे. गरज १४० कोटी लोकांची असली तरी मोठा गिऱ्हाईक एकच आहे, आणि तो म्हणजे सरकार.

कोकणातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्या आज्या-पणज्यांनी खोती भोगली आहे. खोत हा सरकार आणि रयत यांच्यामधला माणूस. सारा गोळा करून सरकारात भरायचा आणि मधल्या मध्ये आपला वाटा काढायचा. पिढ्यानपिढ्या खोताला वाटत होते की जमीन आहे, सारा आहे, म्हणजे आपण कायमचे आहोत. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली. जमीन राहिली, सारा राहिला, मधला खोत तेवढा गेला.

प्रोटियन म्हणजे खोत, असे आम्ही म्हणत नाही. खोताने वेठबिगार राबवली, त्याची सत्ता वंशपरंपरेची होती. ही कंपनी निविदा भरून काम मिळवते आणि कामाचे ठरलेले पैसे घेते. फरक मोठा आहे. आम्हाला दाखवायची आहे ती फक्त जागा. सरकार आणि माणूस यांच्या मधोमध उभे राहून जो प्रत्येक कागदामागे पैसे मिळवतो, त्याची जागा वरून दिलेली असते आणि वरूनच काढून घेता येते. शेअर घेणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे.

आता दुसऱ्या तटाकडे वळू. ‘आंबेडकरी माणसाने शेअर बाजाराकडे फिरकू नये’ असे म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा वाचावे. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाल्यावर त्यांना राहायला घर मिळेना. पारशी सरायीत खरी ओळख लपवून राहावे लागले. ओळख उघड झाली तेव्हा लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मुंबईला परतल्यावर, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्यापूर्वी, त्यांनी शेअर व रोख्यांचा व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस, सल्ला चांगलाच असणार. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आणि व्यवसाय बंद पडला.

या इतिहासातून आम्ही दोन गोष्टी घेतो. एक, पैसा, रोखे, भांडवल हे विषय बाबासाहेबांनी आपल्यासाठी वर्ज्य ठरवले नव्हते. ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ लिहिणाऱ्याच्या लेकरांनी ताळेबंद वाचता येत नाही म्हणणे शोभत नाही. दोन, ओळख ही आपल्यासाठी कधीच नुसती कार्डावरची माहिती नव्हती. ती कोण विचारतो, कोण नोंदवतो आणि नोंदवल्यावर तिचे काय करतो, यावर आपले घर, नोकरी, पाणी ठरत आले. १९५६ ला धम्म स्वीकारला, पण बौद्ध म्हणून नोंद असलेल्या माणसाला केंद्राच्या लेखी अनुसूचित जातीचे हक्क मिळायला १९९० उजाडावे लागले. चौतीस वर्षे एका रकान्यातल्या एका शब्दाने अडवून धरले. म्हणून ओळखीच्या धंद्याकडे पाहताना आपण फक्त भावाचा आलेख पाहू शकत नाही.

पोलादपूरच्या डोंगराकडच्या एका वाडीतल्या आजींसोबत आम्ही मागे रेशन दुकानात गेलो होतो. आयुष्यभर लावणी, कापणी, लाकूडफाटा केलेले हात. बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. यंत्रावर अंगठा पाच वेळा ठेवला, पाचही वेळा ओळख पटली नाही. दुकानदार आजींना जन्मापासून ओळखतो, पण यंत्र ओळखत नाही म्हणून धान्य नाही. “मी मीच हाय ना रे बाबा?” असे त्या विचारत होत्या. वीटभट्टीवर जाणाऱ्या आमच्या कातकरी बांधवांची कथा याहून बिकट. वर्षातले सहा-आठ महिने गावाबाहेर, मोबाईल नंबर बदललेला, जन्मतारखेचा दाखला नाही. दुरुस्तीला तालुक्याला यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, आणि अर्ज भरून देणारा ठरलेल्या फीपेक्षा वर काय मागेल याचा नेम नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड बुडाले, तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. आम्ही मदतीच्या कामात होतो. घराघरांत कागदांचा लगदा झाला होता. तेव्हा ज्यांची नोंद संगणकात होती त्यांचे कार्ड पुन्हा काढता आले, खात्यात मदत जमा झाली. डिजिटल ओळख म्हणजे सरसकट संकट, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे नाही. आमची तक्रार यंत्र आले ही नाही. यंत्र चुकले तर जबाब कोण देणार हे कुणी ठरवलेले नाही, ही आमची तक्रार आहे.

देशातले पहिले आधार २०१० च्या सप्टेंबरात आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. म्हणजे या व्यवस्थेने पहिला अंगठा घेतला तोच वंचितांचा. २०१७ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या अन्न खात्याने राज्यांना कळवले की आधार नाही म्हणून कुणाचे रेशन अडवू नये. २०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने आधार कायदा ग्राह्य धरला, पण पडताळणी फसली म्हणून पात्र माणसाला लाभ नाकारला जाऊ नये हेही नोंदवले. कागदावर हक्क आहे.

कागदावरच्या हक्काचे काय होते हे महाडकरांना कुणी शिकवायला नको. १९२३ साली बोले ठराव झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठरावही केला. तरी २० मार्च १९२७ पर्यंत आपल्या माणसाच्या ओंजळीत पाणी पडले नाही. ठराव आणि ओंजळ यांच्यातले अंतर त्या दिवशी लोकांनी स्वतः चालून कापले.

आता मूळ मुद्दा. १९ मेच्या सोमवारी मोबाईलकडे बघत बसलेला आमचा तरुण आणि रेशन दुकानातल्या त्या आजी, दोघांची अवस्था एकाच जातीची होती. निर्णय वर कुठेतरी झाला, यांना विचारले नाही, आणि कळले तेव्हा नुकसान होऊन गेले होते. तरुणाचे चार हजार आणि आजींचे महिन्याचे धान्य यांची बरोबरी आम्ही करत नाही. तरुणाने धोका स्वतःहून घेतला, आजींवर तो लादला गेला. पण प्रश्न दोघांचा एकच आहे. ही व्यवस्था कुणाला उत्तर देते? आज ती वरच्या एका गिऱ्हाइकाला उत्तर देते. ज्याचा अंगठा आहे त्याला नाही आणि ज्याचे चार शेअर आहेत त्यालाही नाही.

म्हणून शेअर घ्या किंवा विका, असे आम्ही सांगणार नाही. तो आमचा अधिकार नाही. पण चार गोष्टी आग्रहाने सांगू.

पहिली, टिपवर पैसे लावू नका, अहवाल वाचा. उत्पन्न कुठल्या कामातून येते, ते काम किती वर्षांचे, निविदा पुन्हा कधी निघणार, हे वार्षिक अहवालातून शोधता येते. २०२३ ची प्रोटियनची शेअर विक्री ही सगळी जुन्या भागधारकांच्या शेअर्सची होती. म्हणजे लोकांनी भरलेला पैसा कंपनीच्या तिजोरीत नव्हे, विकणाऱ्यांकडे गेला. यात बेकायदा काही नाही, पण पैसे भरणाऱ्या किती जणांनी हे वाचले होते?

दुसरी, कर्ज काढून, बचत गटाच्या किंवा शिक्षणाच्या पैशातून हा खेळ नको. आणि फ्युचर-ऑप्शनला हात लावूच नका. सेबीच्याच अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या शंभरातल्या ९३ वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांनी पैसे गमावले.

तिसरी, शेअर घेतलाच असेल तर भागधारक म्हणून वागा. एक शेअर असलेल्यालाही वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, आणि आता बऱ्याच कंपन्यांची सभा मोबाईलवरून गाठता येते. तिथे विचारा, १८८ जिल्ह्यांतल्या केंद्रांपर्यंत वाडी-वस्तीवरचा माणूस कसा पोहोचणार? दुरुस्तीचा अर्ज किती दिवसांत निकाली निघणार? ज्यांचे ठसे उमटत नाहीत त्यांचे काय? लाभांशाचे प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात. हे प्रश्न आपणच विचारायचे आहेत.

चौथी, शेअर घेतला म्हणून जीभ गहाण पडता कामा नये. भाव पडेल या भीतीने ज्याला वाडीतल्या माणसाची तक्रार लिहिता येत नाही, त्याने त्या शेअरची खरी किंमत फार मोठी मोजली आहे.

येत्या महिन्यात आम्ही महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या वाड्यांवर जाऊन ज्यांचा अंगठा नाकारला जातो, ज्यांची नावे-तारखा चुकल्या आहेत, त्यांची यादी करणार आहोत. ती तहसील कार्यालयात देऊ आणि मोबाईल फोटोसह पोच घेऊ. डिमॅट खाते असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही तटांनी यावे. विहारात रविवारी वंदनेनंतर नावे नोंदवावीत. येताना एक वही, एक पेन आणि चालायची तयारी ठेवावी.

जय भीम.