उपाहारगृहे आणि विमा

आपले जे बांधव-भगिनी उपाहारगृह चालवितात किंवा मलिदा, मेंदी व लग्नकार्यास जेवण पुरवितात, त्यांनी केवळ ‘बितुआह लेउमी’वर विसंबून राहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथे स्वतंत्र व्यावसायिक म्हणून आधी नोंदणी नसेल, तर कामावरील अपघाताची भरपाई सहसा मिळत नाही. युद्धामुळे झालेल्या प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई सरकार १९६१च्या कायद्यान्वये देते; परंतु गॅसच्या भडक्याने जळालेले स्वयंपाकघर वा अन्नातून झालेली विषबाधा त्यात बसत नाही. त्यासाठी आगीचा, ग्राहकांविषयीच्या दायित्वाचा आणि नोकरांविषयीच्या जबाबदारीचा विमा हवा. हप्ता जड वाटतो, हे आम्ही जाणतो; पण आयुष्याची पुंजी एका भडक्यात जाते. पॉलिसी हिब्रूत असते. सही करण्यापूर्वी ती मुलांकडून नीट वाचून घ्यावी, ही विनंती.