आशाताईची मिटलेली नोंदवही

संपादक महाशय यांस,


रुग्ण केवळ अज्ञानापोटी वैद्यापुढे मन मोकळे करतो, हे गतांकातील पत्रलेखकांचे विधान मला सर्वथा अमान्य आहे. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांच्या १९८९ सालच्या अभ्यासात गडचिरोलीकडील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रीरोगग्रस्त आढळल्या, पूर्वी तपासणी झालेल्या मात्र अवघ्या ८ टक्के. पदराआड सोसलेले ते दुखणे उघड झाले, ते ऐकणारी व्यक्ती ते चव्हाट्यावर नेणार नाही, या भरवशावरच. आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या, म्हणजे आशाताई, माझ्या सुनेशी बोलताना नोंदवही मिटून मांडीवर ठेवतात आणि मला, प्रत्यक्ष सासूला, ओसरीवर बसवितात; म्हणूनच माझेही दुखणे मी त्यांनाच प्रथम सांगितले.

आपली,
एक वाचक, आसेगाव (जि. वाशीम)