गार फरशी आणि आपले कारागीर

परभणीचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे; हिवाळ्याची दखल कोणी घेत नाही. येथील कृषी विद्यापीठात पारा 5 अंशांखाली गेल्याच्या नोंदी आहेत. अशा दिवसांत कोब्यावर किंवा शहाबादी फरशीवर बसून शिलाई करणाऱ्या भगिनींचे, फजरच्या नमाजला उठणाऱ्या वृद्धांचे हाल होतात.

गवंडी म्हणतो, टाइल्स बसवा. टाइल्सने फरशी देखणी होते, उबदार नव्हे. आमच्या मते पैसा घालायचाच तर कोब्यावर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर लाकडी पट्ट्या, पट्ट्यांमध्ये दाट थर्माकोल आणि वर वॉटरप्रूफ प्लायवुड घालावे. काँक्रीटच्या मानाने थर्माकोलमधून उष्णता तीसेक पट कमी वाहते. प्लास्टिक विसरले की ओल वर चढते, मागोमाग वाळवी. जमीन दोन-अडीच इंच उंच होते. दार खालून कापावे लागेल, हे सुताराशी आधीच बोलून घ्यावे.

सारे घर मात्र असे करू नये. मे महिन्यात हीच गार फरशी झोप देते. एक खोली पुरे.

एवढे झेपत नसेल त्यांनी फळ्यांच्या बुटक्या चौकटीवर कापसाची गादी टाकावी. थेट फरशीवर नको, कापूस ओल धरतो. फोमच्या गाद्यांनी पिंजारी बांधवांचा धंदा बुडवला, तोही मानवत-सेलूसारख्या कापसाच्या बाजारपेठा असलेल्या जिल्ह्यात! सुतार आणि पिंजारी यांनी मिळून दिवाळीआधी चौकट-गादीचे जोड तयार ठेवावेत. गिऱ्हाईक मोहल्ल्यातच आहे.