पंखा फिरतो, आकडा येत नाही

प्रोसेसर बदलून कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू केला की काळ्या पडद्यावर 'सीपीयू फॅन एरर! प्रेस एफ१ टू रन सेटअप' अशी ओळ येते आणि गाडी तिथेच अडते. या ओळीचा अर्थ पंखा जळला असा नव्हे. पंख्याच्या वेगाचा आकडा मिळत नाही, किंवा मिळतो तो फारच कमी आहे, एवढेच मदरबोर्ड सांगत असतो. हा फरक ध्यानात न आल्याने धडधाकट पंखे भंगारात जातात आणि खरोखर अडकलेला पंखा मात्र एफ१ दाबून महिनोन्‌महिने तसाच चालवला जातो.

प्रोसेसरच्या पंख्याच्या प्लगला चार तारा असतात. दोन विजेच्या, त्यांतली एक १२ व्होल्टची. तिसरी पंख्याचा वेग बोर्डाला कळवते आणि चौथीवरून बोर्ड तो वेग कमीजास्त करतो. पंखा दर फेरीला तिसऱ्या तारेवर दोन ठोके पाठवतो आणि बोर्ड ते मोजतो. सेकंदाला २० ठोके म्हणजे मिनिटाला ६०० फेऱ्या. आसुसच्या अनेक बोर्डांवर मुळात बसवलेली खालची मर्यादा नेमकी हीच असते. आकडा त्याखाली गेला की ओळ झळकते. तारांच्या रंगावर विसंबणाऱ्यांची इथे फसगत होते. इंटेलच्या डब्यातल्या पंख्यात पिवळी तार १२ व्होल्टची आणि हिरवी वेगाची, तर कॅबिनेटच्या तीन तारांच्या साध्या पंख्यात लाल तार १२ व्होल्टची आणि पिवळी वेगाची. रंग जुळवून तारा जोडण्याचा उद्योग करू नये.

मग कालपर्यंत नीट चालणारा पंखा आजच का रुसतो? प्रोसेसर काढायचा तर आधी हीटसिंक काढावा लागतो आणि हीटसिंक काढायचा तर पंख्याचा प्लग. परत जोडताना तो शेजारच्या 'चॅसी फॅन' किंवा 'सीपीयू ऑप्ट' लिहिलेल्या पिनांवर बसतो. पंखा झकास फिरतो, पण बोर्ड 'सीपीयू फॅन'च्या पिनांवर आकडा शोधत राहतो आणि तिथे शून्य दिसते. बोर्डावरची अक्षरे तांदळाच्या दाण्याहून लहान असतात. मोबाइलचा टॉर्च लावून ती वाचणे हा या दुरुस्तीचा निम्मा भाग आहे. एका प्लगमधून दोन पंखे काढणारी तार वापरली असेल, तर तिच्या एकाच तोंडाला वेगाची तार असते. प्रोसेसरचा पंखा त्याच तोंडाला हवा.

दुसरे कारण बायोसमध्ये असते. नवा प्रोसेसर दिसला की अनेक बोर्ड जुन्या सेटिंग पुसून मूळपदावर येतात. आधी कोणी मर्यादा २०० वर आणून ठेवली असेल, तर ती गुपचूप पुन्हा ६०० होते. एएमडीच्या काही बोर्डांवर याच वेळी एफटीपीएम (सुरक्षा किल्ल्यांचा साठा) पुसायचे का, असाही प्रश्न येतो. डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू असेल आणि रिकव्हरी की हाताशी नसेल, तर तिथे 'वाय' दाबू नये. पंख्याशी याचा काही संबंध नाही, पण घाईत हेच बटण दाबले जाते.

तिसरे कारण खरेदीतले. मुंबईतले बोरीवलीकर असल्या मालासाठी अजूनही ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, गाठतात. रायझन ३ ३२००जी काढून त्याच बोर्डावर रायझन ७ ५७००एक्स बसवणे हा परवडणारा बदल आहे, बोर्डाचे बायोस आधी अद्ययावत केलेले असले आणि यंत्रात वेगळे ग्राफिक्स कार्ड असले म्हणजे झाले. पण ५७००एक्सच्या डब्यात पंखा येत नाही आणि सुट्या ट्रे प्रोसेसरबरोबरही बहुधा येत नाही. मग १२० मिलिमीटरचा मोठा, शांत पंखा घेतला जातो. यंत्र थंड असताना तो मिनिटाला ४०० फेऱ्यांवर आरामात फिरतो आणि ६०० ची वाट पाहणारा बोर्ड ओरडतो. इथे पंखा निर्दोष आहे. मर्यादा बदलायला हवी.

'सीपीयू ओव्हर टेम्परेचर एरर' ही ओळ मात्र वेगळी. तिचा अर्थ प्रोसेसर फार तापला आहे, आणि बहुधा हीटसिंक नीट टेकलेला नसतो. इंटेलच्या पंख्याचे चार पाय समोरासमोरच्या जोडीने दाबायचे असतात; 'टक्' आवाज आला तरी बोर्डाच्या मागून चारही टोके बाहेर आली का, ते पाहावे. जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी. एएमडीच्या एएम४ बोर्डावर वाळलेल्या पेस्टमुळे हीटसिंकबरोबर प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून बदल करण्याआधी यंत्र दहा मिनिटे चालवून पेस्ट उबदार होऊ द्यावी, बंद करून वीज काढावी आणि हीटसिंक हलका पिळत उचलावा.

एचपी, डेल, लेनोवो यांच्या तयार यंत्रांत बायोस आपल्याच पंख्याची अपेक्षा धरते आणि काहींचे प्लगही निराळे असतात. तिथे जुना पंखा राखणे शहाणपणाचे.

उपनगरातली हवा या सगळ्यात भर घालते. जागोजागी पुनर्विकासाच्या तोडफोडीची धूळ आणि गोराई खाडीकडून येणारा दमटपणा मिळून पंख्याच्या पात्यांवर चिकट थर बसतो. असा पंखा सुरू व्हायला क्षणभर अडखळतो, आणि बोर्ड नेमका त्याच क्षणी मोजत असतो. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरावीत. मोकळी सोडली तर ती वेडीवाकडी भिरभिरून बेअरिंगची वाट लागते. मे महिन्यात खोली ३४ अंशांवर असताना प्रोसेसर काही न करता ४५ दाखवतो, ते ठीक आहे. पंखा खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. अलीकडचे प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या आसपास पोचले की आपणहून वेग कमी करतात, म्हणून पंखा बंद असलेले यंत्र चटकन मरत नाही, नुसते रडतखडत चालते. दुखणे लपते ते असे.

राहिला 'इग्नोर'. बायोसच्या मॉनिटर पानावर वेगाची तपासणीच बंद करण्याची ही सोय असते आणि दुकानातला पोरगा पहिल्यांदा तीच वापरतो. ती फक्त अशा यंत्रासाठी योग्य, ज्यात 'सीपीयू फॅन'च्या पिना रिकाम्याच राहणार आहेत, कारण वॉटर कूलरचा पंप किंवा पंखा थेट एसएमपीएसवर चालतो. बाकीच्यांनी कॅबिनेट उघडून पंखा डोळ्यांनी पाहावा, प्लग तपासावा, मर्यादा २०० वर आणावी. एवढे करूनही ओळ आली, तर पंखा बदलावा.