घरी दिसतं, मग थेटरात कशाला?

"आता घरबसल्या सगळे पिक्चर दिसतात, मग थेटरात जायचं काय नडलंय?" हा प्रश्न सध्या वसमत तालुक्यात बायकांना घरोघरी ऐकावा लागतो. विचारणारा नवरा असतो, सासरा असतो, कधी कॉलेजात जाणारा मुलगा असतो. प्रश्न मोठा समंजस वाटतो, पैसे वाचवणारा, बाईची दगदग वाचवणारा. पण हाच नवरा आणि हाच मुलगा नवा पिक्चर लागला की मित्रांबरोबर मोटारसायकलवरून नांदेड गाठतात. घरबसल्या दिसण्याची सोय त्यांना पुरत नाही, ती फक्त बाईला पुरावी अशी अपेक्षा आहे!

मैत्रिणींनो, घरी बाईला पिक्चर दिसत नाही. दिसतो तो इतरांना. मी बचत गटांच्या बैठकांना गावोगाव जाते. काम संपलं की गप्पा पिक्चरवर येतात, आणि त्यात एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याची चीड येते. "म्या तो पिच्चर ऐकलाय, पाहिला न्हाई." टीव्ही बाहेरच्या खोलीत, बाई आत चुलीपाशी. मारामारी कधी झाली, गाणं कधी लागलं, हिरॉईन कधी रडली, हे तिला आवाजावरून कळतं. मध्येच कुणी पाणी मागितलं तर तांब्या घेऊन ती बाहेर येते, दोन मिनिटं दाराच्या चौकटीला टेकून उभी राहते आणि दूध उतू जाईल म्हणून आत पळते. एका बाईने मला एका सिनेमाची अख्खी गोष्ट सांगितली. नट कोण होते ते मात्र तिला ठाऊक नव्हतं, कारण तोंडं तिने पाहिलीच नव्हती.

हे काही माझ्या मनाचे खेळ नाहीत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणाप्रमाणे घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषाची ८८. सिनेमा असतो दीडशे-पावणेदोनशे मिनिटांचा. रात्री जेवणं झाल्यावर तो लागतो, तेव्हा बाईची भांडी बाकी असतात, दुसऱ्या दिवसाची भाजी निवडायची असते. आणि मोबाइल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या जेमतेम ५४ टक्के बायकांनी स्वतः वापरायचा मोबाइल असल्याचं सांगितलं होतं. ज्यांच्या हातात तो आहे, त्यांच्याही मोबाइलवर कोणतं ॲप असावं आणि रिचार्ज कितीचा मारावा हे ठरवतं कोण? ज्याच्या नावावर पैसा, त्याच्या आवडीचा पिक्चर. घराचं थेटर झालं म्हणतात, पण त्या थेटरात बाई कँटीनवाली आहे.

गेल्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, 'मिसेस' नावाचा हिंदी सिनेमा थेट झी फाइव्हवर आला. आरती कडवांनी तो जिओ बेबी यांच्या 'द ग्रेट इंडियन किचन' या २०२१ च्या मल्याळम सिनेमावरून केलाय. सान्या मल्होत्राने नव्या सुनेचं काम केलंय. सासऱ्याला चटणी पाट्यावर वाटलेलीच लागते, डॉक्टर नवऱ्याला फुलके गरम लागतात, आणि ओट्याखालचा पाइप गळत राहतो, त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नाही. मूळ मल्याळम सिनेमा मोठ्या कंपन्यांनी आधी नाकारला होता, तो एका लहानशा मल्याळम ॲपवर आला आणि तिथून गाजला. हिंदी आला तेव्हा पुरुषांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका संघटनेने जाहीर आक्षेप घेतला. स्वयंपाक करण्यात कसला आलाय छळ, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. म्हणजे स्वयंपाकघरात काय घडतं हे सुद्धा जे तिथे जात नाहीत तेच सांगणार!

आम्ही तो ऑफिसात लॅपटॉपवर पाहिला. दार लावून, एका दमात. पाहून झाल्यावर ज्या गोष्टी बायका बोलल्या, त्या मला एकाही परीक्षणात वाचायला मिळाल्या नाहीत. एक म्हणाली, "नळ गळायलाय ते त्याला दिसंना, अन् चटणी मिक्सरातली हाय हे बरं कळालं!" दुसरी हळद काढायला मजुरीने जाते. तिला सिनेमा फारसा पटला नव्हता. "तिला नळ तरी हाय. आमच्यात हंडा हाय. ती घरात राबती, आपण घरात अन् रानात. रानातलं कोण दाखवायलंय?" हे ऐकून मला वाटलं, या सिनेमाची सगळ्यात कडक समीक्षा वसमतला झाली. मध्यमवर्गीय ओट्याची गोष्ट सगळ्या बायकांची गोष्ट म्हणून खपवली जाते, हा मुद्दा सेमिनारमध्ये मांडायला लोकांना वीस मिनिटं लागतात. पण ही बाई घरी गेल्यावर कुणी तिला विचारणार नाही की तुला तो पिक्चर कसा वाटला. तिने आपणहून सांगितलं तर "तुला काय कळतंय त्यातलं" हे ठरलेलंच.

बायकांच्या पिक्चर पाहण्याची टिंगल करण्यात आपले पुरोगामी मित्रही मागे नव्हते, हे नमूद करणं भाग आहे. १९९१ साली विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला आणि गावोगावच्या बायका गाड्या करून तो पाहायला गेल्या. तो 'बाई चाली सासरिये' या राजस्थानी सिनेमावरून घेतलेला. अलका कुबल सोसतात, उषा नाडकर्णी छळतात, आणि बायका पदर भिजेपर्यंत रडतात. शहाण्या माणसांनी त्याला रडका सिनेमा म्हणून निकालात काढलं. सोसणाऱ्या सुनेचं उदात्तीकरण त्यात आहे, ते मलाही मान्य नाही. सासू राक्षसीण दाखवली की सासरा, नवरा आणि व्यवस्था आपोआप सुटतात. पण त्या बायका नेमकं कशासाठी रडत होत्या, हे विचारायचे कष्ट कुणी घेतले? माझ्या आईच्या पिढीतल्या बायका सांगतात, घरात रडायला जागा नव्हती. रडलं तर "काय झालं रडायला" म्हणून आणखी बोलणी. अंधारात, अनोळखी बायकांच्या शेजारी बसून रडता येतं आणि त्याचं कारण कुणी विचारत नाही, ही सोय त्यांना त्या सिनेमाने दिली. जत्रेतल्या तंबूच्या थेटरातही बायकांची बाजू वेगळी असायची. ती विभागणी काही समतेची नव्हती, पण त्या बाजूला निदान बायकांची दाटी असे.

पुढे ३० जून २०२३ ला केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला. त्या वर्षी पाऊस उशिरा आला, पेरण्या लांबल्या होत्या. त्या खोळंब्यात आमच्या गटातल्या अकरा जणी नांदेडला गेल्या, मी बारावी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालेलं होतं. त्या सिनेमाने 'सैराट'खालोखाल कमाई केली, त्यात या अर्ध्या तिकिटाचाही वाटा आहे असा माझा तर्क आहे. वसमत ते नांदेड चाळीस किलोमीटर. अर्ध्या भाड्यात जाऊन आलो, म्हणून सिनेमाच्या तिकिटाला पैसे उरले. सिनेमाचं तिकीट म्हणजे रानातल्या बाईची एका दिवसाची मजुरी, हे विसरू नका.

सिनेमा कसा होता? सहा बहिणींची सहा दुखणी आणि औषध मंगळागौरीची स्पर्धा! नवरे थोडे खजील झाले की संसार रुळावर. आमच्यातल्या निम्म्याहून अधिक जणींच्या घरी मंगळागौर कधी पुजलीच गेलेली नाही. ती ज्यांच्याकडे असते त्यांच्याकडे या जणी कामाला जातात. तरीही त्या खुर्च्यांमधल्या वाटेत उतरून नाचल्या. मंगळागौर त्यांची नव्हती, पण ती दुपार त्यांची होती. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते या वयाच्या बायका पडद्यावर नायिका होत्या, आजूबाजूला सगळं थेटर बायकांचं होतं, आणि "पाणी दे" म्हणायला कुणी नव्हतं. अडीच तास सलग! काही जणींच्या आयुष्यात सलग बसून पाहिलेला तो पहिला पिक्चर. समीक्षकांनी त्याला खुशाल सामान्य म्हणावं, मीही म्हणते. पण या अडीच तासांना सामान्य म्हणायचा अधिकार त्यांना नाही.

उरलेले दिवस थेटर कुणाचं असतं? डिसेंबर २०२३ मध्ये 'ॲनिमल' आला, त्याने जगभरात नऊशे कोटींच्या वर धंदा केला. नायक एका बाईला आपला बूट चाटायला सांगतो, असा त्यात प्रसंग आहे. माझ्या ओळखीची एक कॉलेजातली मुलगी भावाबरोबर गेली होती. त्या प्रसंगाला शिट्ट्या पडल्या आणि तिने उरलेला सिनेमा मान खाली घालून काढला. फेब्रुवारी २०२५ च्या 'छावा'ला मात्र घरोघरचे पुरुष बायकांना आग्रहाने घेऊन गेले. मग येसूबाई पडद्यावर किती वेळ आणि कशा दिसल्या? बऱ्याचदा ओवाळताना नाहीतर डोळ्यांत पाणी आणून. १६८९ मध्ये राजारामांना रायगडाबाहेर पडायचा सल्ला देऊन स्वतः गड लढवणारी आणि पुढे १७१९ पर्यंत मोगलांच्या कैदेत राहिलेली येसूबाई कुठे गेली? आमच्यातल्या एका आजीने गाडीत बसता बसता विचारलं, "मंग तिचं पुढं काय झालं?" तिच्या नातवाने उत्तर दिलं, "आजे, पिच्चर संपला."

'सैराट'चं तर दुःखच वेगळं. नागराज मंजुळे यांनी २०१६ मध्ये जातीसाठी पोटच्या पोरीला मारणारं घर दाखवलं. आमच्याकडे त्या शब्दाचा अर्थ काय झाला? पोरगी पळून गेली म्हणजे "सैराट झाली"! शिवी खुन्याला लागायची, ती लागली पोरीला. डिसेंबर २०२१ मध्ये वैजापूर तालुक्यात गरोदर मुलीचा जीव घेतल्याच्या आरोपावरून तिच्या भावाला आणि आईला अटक झाली, तेव्हा बातम्यांत पुन्हा 'सैराट' आठवला. मला शंका आहे की आमच्या भागात तो सिनेमा बहुतेकांनी शेवटची पाच मिनिटं वगळून लक्षात ठेवला. ती पाच मिनिटं बाया एकत्र बसून पाहत्या आणि नंतर घराघरांत बोलत्या, तर हा शब्द इतक्या सहज शिवी म्हणून वापरता आला असता का?

आता कुणी म्हणेल, किरण राव यांचा 'लापता लेडीज' तर बायकांनी घरीच पाहिला. खरं आहे. मार्च २०२४ मध्ये तो थेटरात आला तेव्हा फारसा चालला नाही, एप्रिलअखेर नेटफ्लिक्सवर आला आणि घरोघरी पोचला. आमच्याकडेही तुकड्यातुकड्यांनी, तीन-तीन रात्री लावून, बायकांनी तो पाहिला. पण त्याच सिनेमाचा एक खास खेळ ९ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात झाला. न्यायमूर्तींनी कुटुंबीयांसह, एकत्र बसून पाहिला. त्यांच्या घरी मोबाइल नव्हते काय? एकत्र बसून पाहण्यात काही वेगळं आहे हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला पटतं आणि वसमतच्या सासऱ्याला पटत नाही, याला काय म्हणावं!

समाजकार्याच्या वर्गात आम्हाला जब्बार पटेल यांचा १९८२ चा 'उंबरठा' दाखवला होता. त्यातली स्मिता पाटील महिलाश्रमातल्या नोकरीसाठी घर सोडून जाते, आणि परत येते तेव्हा त्या घरात तिला जागा उरलेली नसते. त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. आमच्या बायका नोकरीसाठी नव्हे, तीन तासांच्या पिक्चरसाठी उंबरठा ओलांडायचा म्हणतात, तर "संध्याकाळची गाडी चुकली म्हणजे?" "लोक काय म्हणतील?" "पोरींना भलत्या सवयी लागतील!" गाडी चुकण्याची भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. म्हणून बायकांसाठी दुपारचा खेळ हवा, थेटरात स्वच्छ संडास हवा, आणि दर वेळी नांदेड तरी कशाला? आमच्या गावात, सार्वजनिक सभागृहात, रीतसर परवानगी काढून पडदा लावता येईल. आठ मार्चला रांगोळी स्पर्धा आणि पैठणीचे खेळ यांवर जो खर्च होतो, त्यात हे बसतं.

फक्त आठ मार्च ही तारीख आमच्याकडे चालायची नाही. तेव्हा हळद काढणीची, शिजवणीची धांदल असते, पुढाऱ्यांच्या कार्यक्रमाला बायका येतात त्या पिवळ्या हातांनी आणि अर्ध्या झोपेत. गटाच्या बैठकीत पोळ्यानंतरचा एक रविवार ठरलाय. कोणता पिक्चर लावायचा यावर मात्र भांडण जुंपलंय. मी 'उंबरठा' सुचवला, पोरींना 'सैराट' हवाय, आणि म्हाताऱ्या 'माहेरची साडी'वर अडून बसल्यात. त्यांच्यातली एक मला म्हणाली, "तुमचा शिकलेला पिच्चर मागून लावा, बाई. तो म्या नुसता ऐकलाय, एकदा तोंडं तर पाहू द्या."