गाळ कोण तपासणार?

कासू गावाहून अंबा खाडीच्या दिशेने उतरले की खारबंदिस्तीची शेती लागते. मोठ्या उधाणात बांध फुटला की खाडीचे पाणी भातखाचरांत शिरते आणि ओसरताना गाळ मागे ठेवते. निवट्या आणि चिंबोऱ्या याच गाळातल्या, आणि जिताडा मोठा होतो तो खाडीतली लहान मासळी खाऊन. त्यामुळे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अंबा खाडीच्या गाळात पारा वाढल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा ते निष्कर्ष सर्वांत आधी या गावांच्या ग्रामसभांत वाचले जायला हवे होते.

सांडपाण्यातली घाण जिवाणू खाऊन टाकतात. पण पारा मूलद्रव्य आहे, तो संपत नाही. प्राणवायू नसलेल्या चिखलात त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर होते आणि लहान माशातून मोठ्या माशात तो साठत जातो. जपानमध्ये मिनामाता येथे १९५६ मध्ये पाऱ्याने होणारा रोग उघड झाला, तरी तिथल्या कारखान्याने पारा सोडणे थांबवले १९६८ मध्ये. आपल्याकडे आंबिवली-मोहने भागात पाऱ्याच्या सेलमधून कॉस्टिक सोडा निघे आणि काळू नदीत पारा सापडे. पुढे देशभर त्या सेलच्या जागी मेंब्रेन आले, हे चांगलेच झाले. पण गॅसवर चालणाऱ्या प्रकल्पांत वायूतला पारा शोषून घेणारी द्रव्ये वापरली जातात, आणि ती निकामी झाली की घातक कचराच असतात. अंबेकाठी नागोठण्याचे आणि कुंडलिकेकाठी रोहा-धाटावचे कारखाने असताना, असा कचरा इथे किती निघतो आणि कुठे जातो, हे विचारण्याचा हक्क खाडीकाठच्या माणसाला आहे.

सांडपाण्यात पारा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. पण दिवसाला एक कोटी लिटर पाणी सोडणारा एखादा कारखाना ही मर्यादा पाळूनही रोज १०० ग्रॅम, म्हणजे वर्षाला साडेछत्तीस किलो पारा खाडीला देऊ शकतो. शिवाय पाण्यात पाणी मिसळले की आकडा खाली येतो, वजन तेवढेच राहते. सामूहिक सांडपाणी केंद्रातले जिवाणू पारा नष्ट करू शकत नाहीत. तो केंद्राच्या गाळात उतरतो किंवा पुढे वाहतो. म्हणून तो कारखान्याच्या आतच, सल्फाइडने साका करून किंवा रेझिनवर पकडून, वेगळा काढला पाहिजे आणि सीलबंद पिंपांतून तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे गेला पाहिजे.

पारा आत आला किती, उत्पादनात गेला किती, कचऱ्यात निघाला किती, असा वजनाचा ताळेबंद महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रत्येक संबंधित कारखान्याकडून घ्यावा आणि जाहीर करावा. मंडळाचा नदीचा गुणवत्ता निर्देशांक सामू, विरघळलेला प्राणवायू, बीओडी आणि मलजन्य जिवाणू पाहतो. पारा त्यात नाही. तेव्हा धरमतरपासून नागोठण्यापर्यंतचा गाळ, निवट्या आणि जिताडा दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासावा, आणि निकाल कासूच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावा.